बदली खेळाडूचा मान: रासी इरास्मसच्या कारकिर्दीचा अभ्यास, सोलापूरच्या मैदानावरून

गेल्या वर्षी शालेय रग्बीच्या सामन्याआधी मी संघाची यादी मैदानावरच वाचून दाखवली. आधी सात नावं, मग 'बदली' म्हणून पाच. आठवं नाव होतं ते आमच्या शाळेतल्या सगळ्यात दणकट पोराचं. कबड्डीतून आलेला, एकदा धरलं की सोडत नाही असा. त्यानं नाव ऐकलं, बूट काढले, पिशवीत कोंबले आणि भिंतीला टेकून बसला. उत्तरार्धात मी त्याला दोनदा हाक मारली. तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून थेट आले होते, केसांत अजून सुताची भुरी होती. मला वाटलं भांडतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "सर, माझे वडील गिरणीत सहा वर्षं बदलीच होते. रोज भोंग्याला गेटवर जाऊन उभं राहायचे. कोण आलं न्हाई तर आत घेणार, न्हाईतर डबा तसाच घेऊन माघारी. आता पोरगं पण बदलीच म्हणायलाव तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा शब्द मी पंधरा वर्षं सहज वापरत आलो होतो. ज्यांनी गिरण्यांचं सोलापूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बदली कामगार म्हणजे पटावर कायम नसलेला माणूस. कायम कामगार गैरहजर राहिला तरच त्याला काम आणि तरच त्या दिवसाची मजुरी. रोज तयार होऊन जायचं आणि बहुतेक दिवस परत यायचं. पूर्व भागात आणि गिरण्यांच्या आसपासच्या वस्त्यांत असं एक तरी घर सापडेल, जिथं 'बदली' म्हटलं की आजोबांचा चेहरा आठवतो. आणि मी, क्रीडाशिक्षक, तोच शब्द चारचौघांत त्यांच्या नातवाला चिकटवला होता.

मी स्वतः कबड्डी खेळलो, विद्यापीठापर्यंत. खेळत होतो तेव्हा एकदाही राखीव बसलो नाही. ही अभिमानाची गोष्ट आहे असं मला वाटायचं. आता वाटतं, प्रशिक्षक म्हणून माझं सगळ्यात मोठं अज्ञान तिथंच होतं. चांगला खेळाडू प्रशिक्षक होतो तेव्हा त्याला बाकावरून खेळ कसा दिसतो हे कुणी शिकवलेलं नसतं. ते कुठं शिकता येईल याचा शोध घेताना मी दक्षिण आफ्रिकेच्या रासी इरास्मस या रग्बी प्रशिक्षकाच्या कारकिर्दीपाशी पोहोचलो. पुढचा अभ्यास त्याचा आहे. क्रीडाशिक्षक मित्रांसाठी आणि बी.पी.एड. करणाऱ्या मुलांसाठी तो लिहितो आहे. रग्बी ठाऊक नसेल तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जातो.

खेळाडू

योहान इरास्मस, सगळ्यांचा रासी, याचा जन्म 5 नोव्हेंबर 1972 चा, ईस्टर्न केपमधल्या डेस्पॅच या छोट्या गावातला. तो खेळायचा फ्लँकरच्या जागी. कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर पकडीला पहिला धावणारा गडी: पडलेल्या चेंडूवर आधी पोहोचायचं, समोरच्याला पाडायचं, उठायचं, पुन्हा धावायचं. 1997 मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाविरुद्ध त्यानं देशाकडून पदार्पण केलं. 2001 पर्यंत 36 कसोटी, म्हणजे देशादेशांमधले सामने, खेळला. ऑगस्ट 1997 ते नोव्हेंबर 1998 या काळात सलग 17 कसोटी जिंकणाऱ्या संघात तो होता.

आकडे इथपर्यंत पुरेत. मला त्याच्या खेळाडूपणातली एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. 1999 च्या विश्वचषकाच्या तोंडावर प्रशिक्षक निक मॅलेटनं कर्णधार गॅरी टाइकमनला संघाबाहेर काढलं. त्या 17 विजयांमधला हा कर्णधार. संघ विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत ऑस्ट्रेलियाकडून जादा वेळेत 27-21 असा हरला. टाइकमनला वगळणं चूक होती, हे मॅलेटनं पुढे स्वतः मान्य केलं. इरास्मस त्या संघातला खेळाडू होता. कुणाला कसं वगळलं गेलं आणि त्यानंतर संघाचं काय झालं, हे त्यानं कपडे बदलण्याच्या खोलीत बसून पाहिलं. त्यातून त्याच्या मनात नेमकं काय उतरलं हे मी सांगू शकत नाही. पण वीस वर्षांनी त्यानं बाकाशी जे केलं ते पाहिलं की ही आठवण मला बाजूला ठेवता येत नाही.

खेळत असतानाच त्याला सामन्यांच्या चित्रफिती थांबवून थांबवून पाहायचा नाद होता. तेव्हा संगणकावर खेळाचं विश्लेषण करणारे खेळाडू विरळाच. प्रशिक्षकपद मिळण्याआधीच त्याच्यातला प्रशिक्षक कामाला लागला होता.

छपरावरचे दिवे

ब्लोमफाँटेनचा फ्री स्टेट चीताज हा त्याचा स्वतःचा जुना संघ. प्रशिक्षक म्हणून तो तिथंच सुरुवात करतो आणि 2005 मध्ये प्रिटोरियात ब्लू बुल्सला 29-25 हरवून करी कप, म्हणजे देशातल्या प्रांतांची स्पर्धा, जिंकतो. त्या प्रांताला हा करंडक 1976 नंतर पहिल्यांदाच मिळाला. पुढच्याच वर्षी त्याच दोन संघांचा अंतिम सामना 28-28 असा बरोबरीत सुटला आणि करंडक वाटून घेतला गेला.

या काळातली एक आठवण रग्बीत अजून सांगितली जाते. इरास्मस स्टेडियमच्या छपरावर बसायचा आणि रंगीत दिव्यांनी मैदानावरच्या खेळाडूंना खुणा करायचा. अमुक रंग दिसला की अमुक डाव. लोक हसले. मला त्यात वेगळंच दिसतं. मैदान उंचावरून जसं दिसतं तसं ते खेळाडूला दिसत नाही. तो चेंडूच्या मागे असतो, माती आणि घामात असतो. इरास्मसला आपल्याला दिसतंय ते त्याच्यापर्यंत त्याच क्षणी पोहोचवायचं होतं. 'मला माहीत आहे, तुम्ही फक्त ऐका' असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला दिवे लावायची गरज पडत नाही. तो सामन्यानंतर ओरडतो. मीही ओरडायचो.

मग केपटाऊनचा स्टॉर्मर्स, 2011 च्या विश्वचषकात राष्ट्रीय संघाचा तांत्रिक सल्लागार, 2012 पासून राष्ट्रीय संघटनेत वरच्या पातळीचं काम. हे भराभर मागे टाकतो.

मन्स्टर

2016 मध्ये तो आयर्लंडमधल्या मन्स्टर या संघाकडे गेला. सोबत याक निनाबर होता. निनाबर मूळचा फिजिओथेरपिस्ट, तिथून बचावाचा प्रशिक्षक झालेला. दोघांची दोस्ती जुनी. मन्स्टरचा मुख्य प्रशिक्षक अँथनी फॉली हा त्याच मातीतला माजी खेळाडू. 16 ऑक्टोबर 2016 च्या सकाळी, पॅरिसमध्ये सामन्याच्या दिवशीच, फॉली झोपेत गेला. वय 42.

पुढच्या शनिवारी मन्स्टर घरच्या मैदानावर ग्लासगोविरुद्ध उतरला. विसाव्या मिनिटाच्या आतच त्यांच्या कीथ अर्ल्सला लाल कार्ड मिळालं. उरलेला तासभर चौदा जण खेळले आणि 38-17 जिंकले. त्या हंगामात मन्स्टर लीगच्या अंतिम फेरीत आणि युरोपच्या उपान्त्य फेरीत पोहोचला. दोन्हीकडे हरला.

परका माणूस, परकं गाव, सगळं गाव सुतकात. अशा वेळी प्रशिक्षकानं काय करावं याचं पुस्तक नसतं. त्या हंगामाकडे पाहताना मला एवढं कळतं की त्यानं त्या संघाला स्वतःचा संघ करायची घाई केली नाही. तो फॉलीचा संघ राहिला. आपल्याकडे नवे सर आले की पहिल्याच आठवड्यात जुन्या सरांचे डाव पुसले जातात. मी पुसले आहेत.

2018: हाती आलेला संघ

आता मुख्य प्रकरण. दक्षिण आफ्रिका म्हणजे 1995 आणि 2007 चा विश्वविजेता. पण 2015 च्या विश्वचषकात ब्रायटनला जपाननं त्यांना 34-32 हरवलं. 2016 मध्ये इटलीनं फ्लॉरेन्समध्ये 20-18 असं पहिल्यांदाच हरवलं. त्याच वर्षी न्यूझीलंडनं डर्बनला त्यांच्यावर 57 गुण केले, आणि सप्टेंबर 2017 मध्ये आल्बनीत 57-0. नोव्हेंबरमध्ये आयर्लंडकडून 38-3. मार्च 2018 मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून इरास्मसच्या नावाची घोषणा झाली तेव्हा पुढचा विश्वचषक दीड वर्षावर होता.

पराभवाहून अवघड गोष्ट दुसरी होती. त्या देशात रग्बी ही दीर्घकाळ गोऱ्यांची मालमत्ता होती. हिरव्या जर्सीबद्दल काळ्या वस्त्यांमध्ये प्रेम नव्हतं, राग होता. संघात कृष्णवर्णीय खेळाडू किती असावेत याची उद्दिष्टं ठरलेली होती. प्रत्येक निवडीवर दोन्ही बाजूंनी कुजबुज: हा गुणांवर आला की रंगावर? अशी कुजबुज ज्या संघात असते तिथं बाकावर बसणाऱ्याला एकच प्रश्न खातो. मला का बसवलं?

इरास्मसनं पहिल्या बैठकांमध्ये जे सांगितलं त्याचा गाभा असा की मुख्य गोष्ट मुख्यच राहिली पाहिजे, आणि मुख्य गोष्ट म्हणजे रग्बी. समाजमाध्यमं, जाहिराती, मानधन, कोण कुणाच्या गटात, हे सगळं नंतर. ऐकायला साधं आहे. पण त्याच्या पुढचं पाऊल साधं नव्हतं. त्यानं निवडीची कारणं खेळाडूंसमोर उघडी ठेवली. वंशाचा विषयही त्यानं झाकला नाही, तो संघासमोर बोलून टाकला.

मे 2018 मध्ये त्यानं सिया कोलिसीला कर्णधार केलं. 1891 पासून कसोटी खेळणाऱ्या देशाचा पहिला काळा कसोटी कर्णधार. पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे वस्तीत आजीनं वाढवलेला, शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेलेला मुलगा. हा इतिहास आहे याची आपल्याला पुरती कल्पना आली नव्हती, आपण भाबडे होतो, असं इरास्मसनं पुढे कबूल केलं. त्याच्या लेखी कोलिसी त्या वेळी चांगला खेळत होता, एवढंच. मला हे कबूल करणं मोलाचं वाटतं. निर्णय बरोबर घेतला, पण त्याचं वजन नंतर कळलं, असं सांगणारे लोक कमी.

9 जूनला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर कोलिसीचा कर्णधार म्हणून पहिला सामना, इंग्लंडविरुद्ध. वीस मिनिटांत इंग्लंड 24-3 पुढे. तिथून दक्षिण आफ्रिका 42-39 जिंकली, पुढे मालिका 2-1. मात्र त्या वर्षी सगळं गोड नव्हतं. अर्जेंटिनाकडून हार, ऑस्ट्रेलियाकडून हार. मग 15 सप्टेंबरला वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडवर 36-34. ज्या देशानं वर्षभरापूर्वी 57-0 केलं त्याच देशात.

जानेवारी 2019 मध्ये एक नियम रद्द झाला. परदेशी क्लबांकडून खेळणाऱ्यानं 30 कसोटी खेळलेल्या असल्या तरच त्याची निवड व्हायची, ती अट गेली. खेळाडूंचं वर्तुळ रुंदावलं. जुलैत त्यानं संघ दोन भागांत विभागला. एक भाग घरी ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळत असताना दुसरा भाग वेलिंग्टनला आधीच पोहोचून न्यूझीलंडच्या सामन्याची तयारी करत होता. घरचा सामना 35-17 जिंकला, वेलिंग्टनचा 16-16 बरोबरीत सुटला. ऑगस्टमध्ये साल्ट्यात अर्जेंटिनाला 46-13 हरवून रग्बी चॅम्पियनशिप, म्हणजे या चार देशांची स्पर्धा, हाती आली. आपला पहिला संघ आणि दुसरा संघ यांच्यातली भिंत त्यानं तिथंच पाडायला घेतली, असं माझं मत आहे.

बाक

आता थोडं रग्बीचं गणित. पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटं. पंधरांतले आठ फॉरवर्ड: जड, ढकलाढकलीचे, स्क्रममध्ये डोकी खांद्यांत अडकवून समोरच्या आठांना रेटणारे. उरलेले सात बॅक: वेगाचे, पासचे. बाकावर आठ जण. बहुतेक संघ तिथं पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक ठेवत. इरास्मसनं 2019 च्या विश्वचषकातल्या मोठ्या सामन्यांना सहा आणि दोन ठेवले.

कारण साधं आहे. स्क्रम, लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू आत फेकून उंच झेलणं), मॉल (चेंडू धरलेल्या गड्याभोवती उभ्यानं रेटणं) या कामात फॉरवर्ड पन्नास मिनिटांत पिळून निघतो. शेवटच्या अर्ध्या तासात समोरचे आठ दमलेले असताना आपले ताजे सहा आत गेले तर रेटा कुणाचा? धोका उघड आहे. दोनच राखीव बॅक, मैदानावरचे तीन बॅक जखमी झाले तर कुणीतरी परक्या जागी खेळणार.

हे गणित कागदावर कुणीही मांडू शकतो. अडचण माणसांची असते. त्या बाकावर माल्कम मार्क्स होता. हुकरच्या जागी, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध, जगातल्या पहिल्या दोन-तीनांत गणला जाणारा, 2018 च्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळालेला. सोबत स्टीव्हन किट्सहॉफ, जो दुसऱ्या कुठल्याही देशात पहिल्या पंधरांत असता. अशा माणसांना 'तू नंतर' सांगायचं आणि ते पडेल चेहऱ्यानं न बसता भुकेनं बसले पाहिजेत.

त्यासाठी त्यानं त्या जागेचा अर्थ बदलला. तुम्ही कुणी बाहेर पडण्याची वाट पाहत नाही, तुमची वेळ ठरलेली आहे. तुमच्याविना योजना अपुरी आहे. सुरुवात करणाऱ्यांनाही तेच सांगितलं गेलं: ऐंशी मिनिटांचा श्वास राखून खेळू नका, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांतच सगळं ओता, मागे माणसं आहेत. त्या बाकाला 'बॉम्ब स्क्वॉड' नाव पडलं आणि तिथं बसणं ही ओळख झाली. नुसतं नाव देऊन हे झालं नसतं. नावामागे मिनिटं होती, आणि ती मिनिटं प्रत्यक्षात दिली गेली. आमच्याकडे राखीव मुलांना 'तुम्ही पण संघाचाच भाग' असं सांगून चौदा मिनिटांच्या सामन्यात चौदाही मिनिटं बसवलं जातं. मुलांना ते खोटं पहिल्याच सामन्यात कळतं.

विश्वचषकाचा पहिलाच सामना दक्षिण आफ्रिका न्यूझीलंडकडून 23-13 हरली. तोवर गटात हरलेला कुठलाही संघ विश्वविजेता झाला नव्हता. मग जपान 26-3, वेल्स 19-16, आणि 2 नोव्हेंबर 2019 ला योकोहामात अंतिम फेरी, इंग्लंडशी.

इंग्लंडचा प्रॉप, म्हणजे स्क्रममध्ये हुकरच्या बाजूला रेटणारा, काइल सिंक्लर तिसऱ्या मिनिटाला जखमी होऊन गेला. डॅन कोल आत आला आणि त्याला जवळपास पूर्ण सामना स्क्रममध्ये काढावा लागला. समोर आधी तेंडाई म्तावारिरा, आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला तो थकायच्या आत ताजा किट्सहॉफ. दक्षिण आफ्रिकेलाही धक्के बसले. विसाव्या मिनिटाच्या आसपास हुकर बोंगी म्बोनांबी आणि लॉक लूड डी यागर दोघेही जायबंदी. पण आत आले मार्क्स आणि फ्रँको मॉस्टर्ट. संघाची ताकद तसूभरही कमी झाली नाही. स्क्रमच्या पेनल्ट्या मिळत गेल्या, हँड्रे पोलार्डनं 22 गुण केले, शेवटी माकाझोले मापिम्पी आणि चेस्लिन कोल्बेनं ट्राय टाकले, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला. 32-12.

मापिम्पीची एक गोष्ट इरास्मसनं नंतर सांगितली. जर्सीच्या पाठीवरच्या आकड्यात खेळाडूच्या घरच्या माणसांची छोटी छायाचित्रं बसवायची होती. सगळ्यांनी आईवडील, बायकामुलं यांचे फोटो दिले. मापिम्पीनं स्वतःचेच दिले. का, असं विचारल्यावर कळलं की त्याची आई, बहीण, भाऊ, कुणीच उरलेलं नाही. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. एक फोटो मागितला म्हणून इरास्मसला ते कळलं. आणि माझ्या संघातल्या पोराचे आजोबा सहा वर्षं गेटवर उभे होते, हे मला त्याचे वडील रात्रपाळी करून शाळेत आले म्हणून कळलं. तीन वर्षं तो माझ्याकडे होता. मी त्याची उंची, वजन, तीस मीटरची वेळ वहीत लिहून ठेवली होती.

विजयानंतर दडपणाबद्दल विचारलं तेव्हा इरास्मसनं उत्तर दिलं, त्याचा अर्थ असा: आमच्या देशात दडपण म्हणजे हाताला काम नसणं, जवळच्या माणसाचा खून होणं. रग्बीनं दडपण आणू नये, आशा द्यावी. विडी वळणाऱ्या आयांची आणि मागावरच्या बापांची पोरं ज्या मैदानावर येतात तिथं हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

जिथं तो चुकला

अभ्यास म्हटला की ही बाजूही हवी. 2021 मध्ये लायन्सविरुद्धची पहिली कसोटी दक्षिण आफ्रिका 22-17 हरली. इरास्मस तेव्हा रग्बी संचालक, निनाबर मुख्य प्रशिक्षक. त्या मालिकेत इरास्मस पाणी देणारा म्हणून मैदानात वावरत होता. पराभवानंतर त्यानं पंच निक बेरीच्या निर्णयांवर 62 मिनिटांची चित्रफीत केली आणि ती जगभर पसरली. मालिका दक्षिण आफ्रिकेनं 2-1 जिंकली. पण नोव्हेंबरमध्ये निकाल आला: दोन महिने रग्बीपासून पूर्ण बंदी, आणि सप्टेंबर 2022 च्या अखेरीपर्यंत सामन्याच्या दिवशी कामाला मनाई. पंच आणि त्याच्या घरच्यांना जो त्रास झाला तो वेगळाच. पुढच्याच वर्षी समाजमाध्यमांवरच्या पोस्टमुळे पुन्हा दोन सामन्यांची बंदी.

मी त्याचं समर्थन करणार नाही. स्वतःच्या खेळाडूंना कारणं समजावून सांगणारा माणूस पंचाला मात्र जगासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, हे मला खटकतं. आमच्या तालुक्याच्या सामन्यांत पंचावर धावून जाणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मुलं ते बघतात आणि पुढच्या वर्षी तेच करतात.

सात आणि एक

2023 च्या विश्वचषकात त्यांनी सहा-दोनच्या पुढे जाऊन सात-एक केलं. स्पर्धेच्या आधीच, ऑगस्टमध्ये, ट्विकनहॅमला न्यूझीलंडला 35-7 हरवताना ते पहिल्यांदा दिसलं. 28 ऑक्टोबरला पॅरिसमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम फेरीतही सात-एक. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला म्बोनांबी जखमी. मार्क्स तर स्पर्धेतूनच बाहेर गेलेला. तोवर मुख्यतः फ्लँकर खेळणारा 37 वर्षांचा डिऑन फुरी हुकर म्हणून उरलेला जवळपास सगळा सामना खेळला. लाइनआउट डगमगले. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन लाल कार्डानं बाहेर. 12-11. त्याआधी फ्रान्स 29-28, इंग्लंड 16-15. तीनही बाद सामने एकेका गुणानं.

इंग्लंडच्या सामन्यात पावसात मॅनी लिबॉकला 31 व्या मिनिटालाच बाहेर काढून पोलार्डला आणलं. पोलार्डनंच शेवटी जिंकून दिलं, लिबॉक अंतिम फेरीच्या तेवीस जणांतही नव्हता. हे प्रकरण मला अजून बोचतं. पद्धत कितीही चांगली असो, अर्ध्या तासात बाहेर येणाऱ्याला जे वाटतं ते कुठलंही नाव पुसू शकत नाही. मात्र त्याला पुढच्या वर्षांत पुन्हा संधी दिली गेली, दार लागलं नाही. विश्वचषकानंतर निनाबर आयर्लंडला गेला, 2024 मध्ये इरास्मस पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाला आणि लिबॉक त्या संघात होता.

पुन्हा मैदान

या सगळ्यानंतर मी काय केलं ते सांगतो. मोठं काही नाही. आमचा खेळ सातांचा, सात-सात मिनिटांचे दोन भाग, मागे पाच जण. मी यादी सामन्याच्या सकाळी वाचणं बंद केलं. दोन दिवस आधी बारा जणांना बसवून कागदावर मिनिटं लिहिली: कोण कितीपासून कितीपर्यंत, आणि का. 'का' लिहिताना माझीच फजिती झाली. दोन मुलांना मी का बसवतो याचं कारण मला लिहिता येईना. ती दोघं आत गेली.

मग विषय निघाला की बदली म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. मी नंदीध्वजाचं उदाहरण दिलं. संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या यात्रेत काठी शहरभर फिरते. एकच माणूस ती शेवटपर्यंत पेलत नाही. मध्येच जो कमरेला लावतो त्यानं आठवडे सराव केलेला असतो, आणि त्याला कुणी बदली म्हणत नाही. मुलांनी मान डोलावली. आमच्या संघात घरी तेलुगू बोलणारे सहा, कन्नड दोन, दखनी दोन, मराठी दोन. आपापसात काय ते बोलले. शेवटी एक जण म्हणाला, "सर, दुसरी पाळी म्हणू या की."

पहिली पाळी, दुसरी पाळी. मागावर, कारखान्यात, सगळ्यांच्या घरात असलेला शब्द. पाळीला ठरलेली वेळ असते. पाळीवर जाणाऱ्याला गेटवर थांबावं लागत नाही.

तो दणकट मुलगा महिनाभर आला नव्हता. मी घरी गेलो, कागद दाखवला, चूक माझी होती असं वडिलांसमोर सांगितलं. तो बोलला नाही. पुढच्या सोमवारी सरावाला आला. बाकीचं एकदम सुरळीत झालं असं नाही. दुसरा एक मुलगा गेला तो गेलाच, क्रिकेटला. एका सामन्यात मी घाबरून ठरलेली मिनिटं पाळली नाहीत आणि दुसऱ्या पाळीच्या दोघांना तीनच मिनिटं मिळाली. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. आम्ही तो सामना जिंकलो होतो.

या डिसेंबरच्या सामन्याला त्याचे वडील आले. हातात डबा, इथूनच पुढे कामावर जायचं होतं. पहिला भाग सुरू झालेला, पोरगं रेषेबाहेर गुडघे वर घेत उड्या मारत होतं. ते माझ्याजवळ आले.

"सर, ह्याची पाळी कितीला लागते?"

"आठव्या मिनिटाला."

त्यांनी मोबाइलमध्ये वेळ बघितली, डबा दोरीपाशी खाली ठेवला आणि बसले.